पाच जणांची एकच तबकडी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचे नाव निघाले की बहुतेक श्रोत्यांना १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि १९७९ सालचा ‘द वॉल’ हे अल्बम आठवतात. परंतु हा बँड मुळात कशाच्या बळावर टिकला हे पाहायचे असेल, तर जून १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ हा त्यांचा दुसरा अल्बम ऐकावा लागतो. सुमारे ३९ मिनिटांच्या या अल्बममध्ये सात रचना आहेत, आणि बँडच्या इतिहासातले पाचही प्रमुख वादक ज्यात एकत्र आढळतात असा त्यांचा हा एकमेव अल्बम आहे. पहिल्या अल्बममधील अकरांपैकी आठ गीते सिड बॅरेट या एकाच तरुणाने एकट्याने रचली होती. दुसऱ्यात त्याचे एकच गीत उरले आणि तेही अगदी शेवटी. मधल्या काळात, म्हणजे पुरते वर्षही न होता, जे घडले त्याचा ठसा या तबकडीवर स्पष्ट उमटलेला आहे.

या बँडच्या सुरुवातीच्या संगीताला ‘सायकेडेलिक’ म्हटले जाते, पण हा शब्द मुळात संगीताच्या परिभाषेतला नव्हे. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली लेखक आल्डस हक्सली यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात तो घडवला. ‘मन’ आणि ‘प्रकट’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून तो बनला असून, जाणिवेत मोठे बदल घडवून आणणाऱ्या एलएसडीसारख्या द्रव्यांसाठी तो योजलेला होता. अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये तयार केलेले एलएसडी १९६० नंतरच्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमधील तरुणांच्या काही वर्तुळांत पसरले, १९६६ मध्ये ब्रिटनने त्यावर बंदी घातली, आणि त्याच सुमारास त्या अनुभवाशी नाते सांगणारा रॉक संगीताचा एक प्रवाह आकाराला आला. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून लांबत जाणारे वादन, यंत्राने निर्माण केलेला प्रतिध्वनी, कापून जोडलेल्या किंवा उलट्या वाजवलेल्या ध्वनिफिती, एकाच आधारस्वरावर दीर्घकाळ रेंगाळणे आणि रंगमंचावर हलत्या रंगीत प्रकाशाची जोड ही या प्रवाहाची ठळक लक्षणे होत. मात्र हे संगीत नशेतूनच जन्मले आणि नशेतच समजते ही समजूत पिंक फ्लॉइडच्या बाबतीत दिशाभूल करते, कारण बॅरेट वगळता त्यांच्यातले कोणीही या द्रव्याच्या आहारी गेलेले नव्हते आणि या अल्बमचा मोठा भाग घडला तो अतिशय शांत डोक्याने केलेल्या आखणीतून.

रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट यांची ओळख लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुरचनेचे शिक्षण घेताना झाली. वॉटर्स बेस गिटार, मेसन ड्रम आणि राइट ऑर्गन-पियानो वाजवत असे. त्यांना येऊन मिळालेला बॅरेट हा वॉटर्सप्रमाणेच केंब्रिजमध्ये वाढलेला आणि लंडनला चित्रकला शिकायला आलेला होता. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या नावांतील एकेक शब्द जोडून बँडचे नाव ठेवले तेही त्यानेच. डिसेंबर १९६६ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर ‘यूएफओ’ नावाचा क्लब सुरू झाला आणि तेथील रात्रींतून हा बँड पुढे आला. इंग्रजीत उडत्या तबकडीला जे संक्षिप्त नाव आहे तेच या क्लबचे नाव होते, आणि अल्बमच्या शीर्षकातील ‘सॉसर’ म्हणजे बशी या शब्दालाही इंग्रजीत तीच छटा आहे. मराठीत तर ‘तबकडी’ हा एकच शब्द आकाशातल्या वस्तूसाठी आणि गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेसाठीही चालत असल्याने ही जवळीक मराठी वाचकाला सहज जाणवावी.

क्लबमध्ये हा बँड अर्धा अर्धा तास एकच रचना वाजवी, तर तबकडीवर बॅरेटची छोटी, चटकदार आणि किंचित विचित्र गीते येत. १९६७ च्या उन्हाळ्यात आलेले ‘सी एमिली प्ले’ हे गीत ब्रिटिश विक्रीच्या यादीत सहाव्या स्थानी पोहोचले आणि ऑगस्टमध्ये आलेला ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ हा पहिला अल्बमही सहाव्याच स्थानी गेला. बालकथांचे जग, कुंपणापलीकडची बाग, मांजर, सायकल, बुजगावणे अशा साध्या गोष्टींना बॅरेटच्या गीतांत एक अनोखी लकाकी येते. ती नक्कल करून साधत नाही. बँडचे यश त्या वेळी सर्वस्वी या एका माणसाच्या रचनाशक्तीवर उभे होते, आणि नेमका तोच खांब त्या वर्षाच्या उत्तरार्धात खचू लागला.

बॅरेटला नेमके काय झाले याविषयी पुष्कळ दंतकथा आहेत. एलएसडीचे अतिसेवन, अचानक आलेल्या प्रसिद्धीचा ताण आणि कदाचित आधीपासून सुप्त असलेला मनोविकार ही कारणे सांगितली जातात, पण त्याच्या आजाराचे ठाम निदान कधी जाहीर झालेले नाही आणि इतक्या वर्षांनी ते करण्याचा अधिकार कोणाला नाही. दिसणारी गोष्ट एवढीच होती की तो रंगमंचावर कधी एकच स्वर वाजवत राही, कधी वाजवतच नसे. नोव्हेंबर १९६७ मधील अमेरिकेचा दौरा आटोपता घ्यावा लागला. त्यानंतर जिमी हेंड्रिक्सबरोबरच्या ब्रिटनमधील दौऱ्यात एकदा ‘द नाइस’ या दुसऱ्या बँडच्या डेव्हिड ओलिस्ट या गिटारवादकाला त्याच्या जागी उभे करण्याची वेळ आली. बाकीचे तिघे तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे होते. मित्र आजारी आहे हे ओळखण्याची जाण त्यांच्यापाशी पुरेशी नव्हती, आणि त्याच्यासाठी थांबावे तर हाती आलेले काम निसटेल ही भीती मोठी होती. त्यांना निर्दय ठरवणे सोपे आहे, परंतु त्या काळात, त्या वयात, मनाच्या आजाराविषयी उघड बोलण्याची भाषाच नव्हती हे ध्यानात घेतले पाहिजे.

डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनी डेव्हिड गिल्मोरला विचारले. तोही केंब्रिजचा, बॅरेटचा जुना मित्र. दोघांनी कॉलेजच्या मधल्या सुटीत एकत्र गिटार वाजवली होती आणि १९६५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिणेकडे रस्त्यावर गाऊन पैसेही मिळवले होते. बॅरेटने घरी राहून गीते लिहावीत आणि रंगमंचावर त्याच्या जागी गिल्मोरने वाजवावे अशी आधीची योजना होती. अमेरिकेतील ‘बीच बॉइज’ या बँडमध्ये ब्रायन विल्सन असेच करत असल्याने ती अगदीच अव्यवहार्य वाटली नसावी. जानेवारी १९६८ मध्ये पाच जणांच्या बँडचे मोजून चार कार्यक्रम झाले. याच दिवसांतल्या एका तालमीत बॅरेटने ‘हॅव यू गॉट इट येट?’ म्हणजे ‘जमले का अजून?’ या नावाचे नवे गीत शिकवायला घेतले आणि प्रत्येक वेळी चाल थोडी बदलत ठेवली, त्यामुळे ते कधीच कोणाला जमले नाही. त्या खेळात मिस्कीलपणा किती होता आणि असहायता किती, हे आज सांगता येत नाही. २६ जानेवारीला साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना सिडला घ्यायला जायचे का असा प्रश्न गाडीत निघाला आणि नको, असे ठरले. ना भांडण, ना निरोप. बॅरेट बँडमध्ये नसल्याचे अधिकृतपणे एप्रिलमध्ये जाहीर झाले. पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग या व्यवस्थापकांना बॅरेटशिवाय या बँडला भवितव्य दिसत नव्हते, म्हणून त्यांनी बँड सोडून बॅरेटची साथ केली.

अल्बमचे ध्वनिमुद्रण या सगळ्या घडामोडींच्या आधी, चालू असताना आणि नंतर, असे १९६७ च्या ऑगस्टपासून पुढच्या वसंतापर्यंत तुकड्यातुकड्यांनी होत राहिले. बहुतेक काम लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत झाले आणि निर्माता होता नॉर्मन स्मिथ, ज्याने १९६५ पर्यंत बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे तंत्र सांभाळले होते. यंत्रावर त्या वेळी चारच पट्टे असत, म्हणजे चार स्वतंत्र आवाज एकमेकांशेजारी नोंदवता येत. त्याहून अधिक हवे असल्यास आधीचे आवाज एकत्र करून नव्यासाठी जागा मोकळी करावी लागे. त्यामुळे एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे करता येत नसे. कोणत्या क्षणी कोण वाजवतो आहे याविषयी जाणकारांत वाद होतात, त्याचे एक कारण हेच आहे.

या वादाचे मुख्य स्थान म्हणजे वॉटर्सचे ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ हे गीत. ते बॅरेटच्या काळात सुरू झाले आणि गिल्मोर आल्यावर पुरे झाले. म्हणून पाचही जणांचे वादन असलेले हे अल्बममधले, किंबहुना बँडचे, एकमेव गीत मानले जाते. त्याचे शब्द वॉटर्सने ए. सी. ग्रॅहॅम यांनी इंग्रजीत आणलेल्या उत्तर तांग काळातील चिनी कवितांवरून घेतले. मेसन येथे नेहमीच्या काठ्यांऐवजी मऊ गोळ्यांच्या काठ्यांनी ढोलांवर दबका ठेका धरतो, बेस गिटारची एक छोटी स्वरावली फिरून फिरून येत राहते, आणि आवाज कुजबुजीच्या वर फारसा चढत नाही. गाणे एखाद्या ठिकाणी पोहोचण्याऐवजी एकाच जागी अधिकाधिक दाट होत जाते. बॅरेटच्या गीतांत शब्द पुढे पळतात. येथे शब्द जवळजवळ नाहीसे होऊन वातावरण उरते, आणि पुढच्या काळातल्या पिंक फ्लॉइडची ओळख ठरलेला संथपणा पहिल्यांदा इथेच कानी पडतो.

राइटची दोन गीते आहेत. त्यांपैकी ‘सी-सॉ’ फारसे लक्षात राहत नाही आणि बँडनेही कामाच्या कागदांत त्याला अतिशय कंटाळवाणे अशा अर्थाचे गमतीदार नाव दिले होते. ‘रिमेंबर अ डे’ मात्र हरवलेल्या बालपणाचे हळवे आणि खरेच सुंदर गीत आहे. त्यात बॅरेटची सरकगिटार आहे, म्हणजे तारांवर धातूचा किंवा काचेचा तुकडा घसरवून काढलेले मींडेसारखे स्वर, आणि मेसनला तो ताल मनासारखा साधेना म्हणून ड्रम स्वतः नॉर्मन स्मिथने वाजवले आहेत. वॉटर्सच्या ‘लेट देअर बी मोअर लाइट’मध्ये इंग्लंडमधल्या मिल्डनहॉल या विमानतळाजवळ परग्रहावरचे यान उतरते, आणि नव्याने आलेल्या गिल्मोरचा आवाज व गिटार अल्बमच्या पहिल्याच रचनेत ऐकू येतात. ‘कॉर्पोरल क्लेग’ हे लाकडी पाय घेऊन युद्धातून परतलेल्या सैनिकाचे वरकरणी हलकेफुलके गीत आहे. त्यातली कर्कश पिपाणी अनेकांना खटकते. परंतु वॉटर्सचे वडील १९४४ साली इटलीतल्या आन्झिओच्या लढाईत मारले गेले होते हे माहीत असले की त्या गमतीचा सूर बदलतो, कारण युद्धाविषयीचे त्याचे पुढचे सारे लेखन, ‘द वॉल’सह, याच गाण्यापासून सुरू होते.

अल्बमचे शीर्षक धारण करणारी रचना जवळजवळ बारा मिनिटांची आहे, तिच्यात एकही शब्द नाही आणि तिच्या रचनाकारांत वॉटर्स, राइट, मेसन व गिल्मोर या चौघांची नावे आहेत. बॅरेट गेल्यावर तो करत होता ते कसे करायचे हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. अशा वेळी वॉटर्स आणि मेसन यांनी जे शिक्षण अर्ध्यावर सोडले होते ते कामी आले. मुखडा आणि अंतरे रचण्याऐवजी त्यांनी कागदावर आराखडा काढला, कोठे चढ, कोठे उतार, कोठे टोक, कोठे मोकळी जागा, आणि त्या रेखाकृतीवर ध्वनी बसवले. वास्तुरचनाकार इमारतीचा छेद काढतो तशी ही पद्धत असल्याचे गिल्मोरने पुढे सांगितले आहे. गीतकार हरवलेल्या बँडला गीताऐवजी बांधणी हे साधन सापडले, आणि या अल्बमचे खरे महत्त्व या शोधात आहे.

ही रचना चार भागांत उलगडते. आरंभी ध्वनिग्राहक अगदी जवळ धरून हलकेच छेडलेल्या झांजेचा गुंजारव आणि ऑर्गनचे अस्वस्थ स्वर येतात, ज्यात धातू वाजतो आहे हेही चटकन कळत नाही. दुसऱ्या भागात मेसनच्या ड्रमचा एक तुकडा फितीच्या वलयावर, म्हणजे टोके जोडून अखंड फिरत ठेवलेल्या फितीवर, सारखा आवर्तत राहतो आणि त्याच्यावर राइट पियानोवर मुठी आपटतो, तर गिल्मोर जमिनीवर ठेवलेल्या गिटारच्या तारांवर ध्वनिग्राहकाच्या स्टँडचा पोलादी पाय घासतो. पुढचा भाग वादळ ओसरत असल्यासारखा विरळ होतो आणि अखेरीस ऑर्गनच्या गंभीर स्वरावलीवर शब्दांविना गायलेला समूहस्वर उमलत जातो. युद्धापूर्वीचा तणाव, रणधुमाळी आणि मृतांसाठीचा शोक असा याचा अर्थ बँडने नंतर लावून दाखवला. तो माहीत नसतानाही अखेरच्या तीन-चार मिनिटांत शोकाची जाणीव होतेच. नॉर्मन स्मिथ शिस्तीच्या, नेटक्या गाण्यांच्या परंपरेतला माणूस असल्याने ही रचना त्याला पटली नाही, आणि यानंतर बँड आपल्या निर्मितीची सूत्रे हळूहळू स्वतःकडे घेत गेला. मधला गोंगाट आजच्या श्रोत्याला थोडा लांबलेला वाटू शकतो, पण तो सहन केल्याशिवाय शेवटच्या समूहस्वराला ती उंची लाभत नाही.

आणि या सगळ्याच्या शेवटी बॅरेटचे ‘जगबँड ब्लूज’ येते. ते ऑक्टोबर १९६७ मध्येच, म्हणजे गिल्मोर येण्यापूर्वी, मुद्रित झाले होते. त्याच सुमाराची बॅरेटची ‘व्हेजिटेबल मॅन’ आणि ‘स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम’ ही आणखी दोन गीते तयार होती, पण ती बाजूला ठेवली गेली आणि अधिकृतपणे २०१६ पर्यंत बाहेर आली नाहीत. ‘जगबँड ब्लूज’साठी बॅरेटने साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या बँडला पाचारण केले आणि त्यांनी मनाला येईल ते वाजवावे असा आग्रह धरला, स्मिथला मात्र लिहून दिलेले संगीत हवे होते. गीताच्या मध्यावर ही पितळी वाद्ये आपापल्या वाटेने भरकटतात, गलका उठतो, तो अचानक थांबतो आणि काही क्षणांच्या शांततेनंतर केवळ एक साधी गिटार व बॅरेटचा थकलेला आवाज उरतो. आपण येथे आहोत की नाही, हे गाणे तरी कोण लिहितो आहे, असे प्रश्न त्या शब्दांत येतात. ज्याला वगळले त्यालाच मित्रांनी अखेरचे स्थान दिले. त्यामागे प्रेम होते, अपराधभाव होता की केवळ क्रम लावण्याची सोय, हे ठरवणे कठीण असले तरी अल्बमचा याहून योग्य शेवट कल्पिता येत नाही, कारण नव्या बांधणीच्या पलीकडे कोणाची जागा रिकामी झाली आहे हे तो श्रोत्याला विसरू देत नाही.

वेष्टनाचीही अशीच गोष्ट आहे. स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल या मित्रांच्या ‘हिप्नोसिस’ या संस्थेने पिंक फ्लॉइडसाठी केलेले हे पहिले वेष्टन. मार्व्हलच्या चित्रकथांतील डॉक्टर स्ट्रेंज, ग्रह आणि किमयागाराच्या कुप्या अशा प्रतिमा एकमेकींत विरघळवून ते तयार झाले आणि त्यात बँडचे छायाचित्र जेमतेम दिसते. व्यक्तींचे चेहरे मागे ठेवण्याची ही प्रथा पुढे त्यांच्या वेष्टनांची खूण बनली. अल्बम ब्रिटिश यादीत नवव्या स्थानी गेला, अमेरिकेत त्या वेळी त्याची नोंदही झाली नाही. बॅरेटनंतर सुट्या तबकड्यांवर काढलेली गीते सपशेल पडल्यावर बँडने ब्रिटनमध्ये तशी गीते काढणेच थांबवले, ते थेट १९७९ पर्यंत. तोवर त्यांची सारी मदार दीर्घ रचनांवर होती.

बॅरेटने १९७० मध्ये दोन एकल अल्बम काढले, ज्यांच्या निर्मितीत गिल्मोरने मोठा वाटा उचलला, आणि नंतर तो केंब्रिजला परतून चित्रे काढत एकांतात राहिला. ५ जून १९७५ रोजी, बँड त्याच्यावरच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या रचनेवर काम करत असताना, तो न कळवता ॲबी रोडवर आला. डोके व भुवया भादरलेल्या त्या स्थूल माणसाला जुन्या मित्रांनी बराच वेळ ओळखले नाही. ७ जुलै २००६ रोजी तो वारला. १५ सप्टेंबर २००८ रोजी राइटचे निधन झाल्यावर गिल्मोरने दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात श्रद्धांजली म्हणून निवडले ते ‘रिमेंबर अ डे’च.

पाचांपैकी सर्व काळ बँडमध्ये राहिलेला एकटा मेसन. त्याने २०१८ मध्ये केवळ सुरुवातीच्या वर्षांतले संगीत वाजवण्यासाठी नवा संच उभारला आणि त्याला या अल्बमचेच नाव दिले. त्या संचाने मे २०१९ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमध्ये कार्यक्रम केले, जेथे ऑक्टोबर १९६६ मध्ये बॅरेटसह हा बँड वाजला होता. आणि त्या रात्रींच्या मुद्रणात शीर्षकरचनेबरोबर ‘व्हेजिटेबल मॅन’ही आहे, जे १९६८ मध्ये या तबकडीवर येता येता राहून गेले होते.